४३ इंची टीव्ही घेताय? पैसे पडद्यावर घाला, ‘स्मार्ट’वर नको

आजचा विषय टीव्ही. आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर सगळं मोबाईलवरच बघतो, टीव्ही कशाला? कबूल. पण घरी टीव्ही घ्यायचं ठरलं की मॉडेल शोधायचं काम कोणाकडे येतं? तुमच्याकडेच ना! "तुला कळतं त्यातलं, तूच बघ" असं आई म्हणते आणि घरचे पंचवीस हजार तुमच्या भरवशावर येतात. नंतर सात-आठ वर्षं तो टीव्ही घरचेच बघणार असतात, तुम्ही कदाचित पुण्यात नाहीतर बंगळुरूत असता. म्हणून आज जरा नीट बोलू.

आधी साईझ. वन बीएचकेच्या हॉलला ४३ इंच बरोबर बसतो. ३२ इंचीपर्यंतच्या टीव्हीवर जीएसटी आधीपासून १८ टक्के होता, त्याहून मोठ्यांवर २८. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठेही १८ टक्क्यांत आले. म्हणजे टॅक्सपुरता तरी ३२ आणि ४३ मधला फरक उरलेला नाही. ४३ इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १०९ सेंटीमीटर, पण रुंदी साधारण ९५. शोकेसमध्ये ठेवणार असाल तर टेप लावून मोजाच. आणि बऱ्याच स्वस्त टीव्हींचे पाय दोन्ही टोकांना असतात. छोट्या टेबलावर ते बसतच नाहीत.

आता माझा मुख्य मुद्दा. टीव्ही म्हणजे दोन वस्तू एकत्र चिकटवलेल्या असतात. एक पडदा, आणि दुसरा त्याच्या आतला छोटा कॉम्प्युटर, ज्याला आपण ‘स्मार्ट’ म्हणतो. पडदा नीट वापरला तर बरीच वर्षं चालतो. कॉम्प्युटर मात्र तुमच्या मोबाईलसारखाच लवकर म्हातारा होतो. ॲप्स जड होत जातात, अपडेट येणं थांबतं, जुन्या टीव्हींवर काही ॲप्स चालायचीच बंद होतात. पण त्यावर उपाय आहे. एचडीएमआयला स्ट्रीमिंग स्टिक लावा, तीन ते पाच हजारांत टीव्ही पुन्हा स्मार्ट. पडद्याला असा उपाय नाही. पॅनल गेलं की दुरुस्तीचा खर्च ऐकूनच बरेच लोक नवीन टीव्ही घेतात. म्हणून जे नंतर बदलता येतं त्यावर जास्त पैसे घालू नका. जे बदलता येत नाही त्यावर घाला.

पडदा ओळखायचा कसा? जाहिरातीतले शब्द थोडे बाजूला ठेवू. ‘क्यूएलईडी’ म्हणजे ओएलईडी नव्हे. तो एलसीडी पडदाच असतो, फक्त रंग खुलवायला क्वांटम डॉटचा थर दिलेला. वाईट नाही, पण नाव ऐकून हुरळून जाऊ नका. ‘एचडीआर’चा स्टिकर तर जवळजवळ सगळ्यांवर असतो. एचडीआरची मजा यायला पडद्यात उजेड लागतो, तो निट्समध्ये मोजतात. ह्या किमतीत अनेकदा २५० ते ३०० निट्सच मिळतात. तेवढ्यात स्टिकर लागतो, चमक दिसत नाही. हॉलमध्ये दुपारी ऊन येत असेल तर निट्सचा आकडा विचारून घ्या.

मग पॅनलचा प्रकार, आयपीएस की व्हीए. आयपीएस बाजूने बघितलं तरी रंग बऱ्यापैकी टिकवतो. व्हीएमध्ये काळा रंग जास्त काळा दिसतो, पण बाजूला बसलेल्याला चित्र फिकट दिसतं. आता घरच्यांना आठवा. आई स्वयंपाकघराच्या दारातून मालिका बघते? मग आयपीएस. सगळे समोर सोफ्यावर बसून, लाईट घालवून सिनेमा बघतात? मग व्हीए.

४के हवंच का? ४३ इंची पडद्यावर साधारण साडेपाच फुटांपलीकडून बसलात तर फुल एचडी आणि ४के मधला फरक डोळ्याला फारसा कळत नाही. शिवाय नेटफ्लिक्सचं ४के फक्त सगळ्यात वरच्या प्लॅनमध्ये मिळतं. आणि तुमचा तो मोबाईलवाला स्वस्त प्लॅन टीव्हीवर चालत नाही, हेही घरी आधीच सांगा! ४के मिळालं तर घ्या, पण केवळ त्यासाठी पडद्याच्या क्वालिटीवर पाणी सोडू नका.

नेटचा हिशोबही इथेच करू. नेटफ्लिक्सच्याच सांगण्यानुसार एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो, ४केला ७ जीबीपर्यंत. गावी वायफाय नसेल आणि बाबांच्या फोनचा रोज २ जीबीचा पॅक हॉटस्पॉटवर लावणार असाल, तर एक एपिसोड संपायच्या आत डेटा संपेल. अशा घरात आधी डिश किंवा केबलचं चित्र कसं दिसतं ते महत्त्वाचं.

आणि हे दुकानातच कळतं. तिथे विविड मोडवर फुलं, मासे आणि धबधबे चालू असतात. त्यात कुठलाही टीव्ही भारीच दिसतो. एका पेनड्राईव्हवर तीन गोष्टी घेऊन जा: रात्रीचा, अंधारातला एखादा व्हिडिओ, मोबाईलवर काढलेला माणसांचा व्हिडिओ, आणि एक साधा राखाडी फोटो. पिक्चर मोड ‘स्टँडर्ड’ करायला सांगा. राखाडी फोटोवर डाग किंवा पट्टे दिसतात का? माणसांचे चेहरे माणसांसारखे दिसतात का? मग बाजूला सरकून बघा. सेट टॉप बॉक्स जोडलेला असेल तर बातम्या लावा आणि आवाज निम्म्यावर ठेवून शब्द स्पष्ट येतात का ते ऐका. घरी बाबा आवाज वाढवत बसणार की नाही, ते तिथेच समजेल.

स्मार्टमध्ये एवढंच बघा: किमान २ जीबी रॅम, रिमोट दाबल्यावर मेनू अडखळत नाही, आणि सिस्टिम अधिकृत आहे, म्हणजे गूगल टीव्ही, वेबओएस, टायझन, फायर टीव्ही अशांपैकी. नुसतं ‘अँड्रॉइड’ लिहिलेल्या अगदी स्वस्त टीव्हींपासून सावध. गूगलची मान्यता नसेल तर नेटफ्लिक्ससारखी ॲप्स नीट चालतीलच असं नाही. एचडीएमआयचे तीन पोर्ट हवेत, त्यातला एक एआरसी. पुढे साउंडबार लावायचा झाला तर तो लागतो.

आता सर्व्हिस. पैसे भरायच्या आधी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करा आणि टीव्ही जिथे लागणार त्या गावचा पिनकोड सांगा, तुमच्या फ्लॅटचा नाही. माणूस घरी येतो का? कुठून येतो? पॅनलची वॉरंटी किती? उत्तर गोलमोल आलं तर दोन हजार जास्त देऊन दुसरा ब्रँड बघा. ऑनलाईन घेतलात तर खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा, रिटर्नची मुदत संपेपर्यंत खोका टाकू नका. तक्रार ऐकली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर फोन करा.

आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’ घेताना प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी विचारा. ते बहुधा आपल्याच खिशातून जातं.

आई-बाबांना निट्स कळणार नाहीत, आणि कळायची गरजही नाही. मालिका स्पष्ट दिसली, शब्द नीट ऐकू आले आणि बिघडल्यावर माणूस घरी आला, की तुमची निवड बरोबर. चला, भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!