जिताड्याला ओव्हनची धग

पेण-अलिबागच्या खारेपाटात घराजवळच्या तळ्यात जिताडा वाढवायची जुनी रीत आहे. खाडीतलं पिल्लू तळ्यात सोडलं की ते गोड्या पाण्यातही रमतं आणि पाहुणे यायच्या दिवसापर्यंत चांगलं जाडजूड होतं. हाच मासा ऑस्ट्रेलियात ‘बॅरामंडी’ नावाने मिरवतो. रायगडात मात्र त्याचं एक तर कालवण होतं, नाही तर रव्यात घोळवून तळलेली तुकडी. भाज्या पसरून, वर मसाल्याचं लोणी सोडून तो ओव्हनमध्ये भाजायचा, हे शहरी घरांतलं अलीकडचं प्रकरण. केकसाठी हौसेने घेतलेला ओटीजी एरवी ओट्यावर जागाच अडवून बसलेला असतो!

कोरडी भाजणी रायगडाला नवी नाही. थंडीत शेतावर पोपटी लागते तेव्हा मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी भरतात आणि मडकं पालथं घालून भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंबही नाही, सगळं आपल्याच वाफेवर शिजतं. ओव्हनचं तत्त्व याहून फार लांबचं नाही.

मासा मात्र कोंबडीसारखा दम धरत नाही. त्याच्या मांसातले जोडतंतू थोडे आणि नाजूक असतात, ते कमी उष्णतेतच विरघळतात. आतलं तापमान साठ अंशांच्या थोडं पुढे गेलं की तुकडी तयार. त्यानंतरही ठेवली तर पांढरे थेंब बाहेर येऊन वर साकळतात आणि मांस चोथ्यासारखं लागतं. बांगडा-तारलीच्या अंगात तेल असतं, त्यांची चूक झाकली जाते. पांढऱ्या माशाची झाकली जात नाही, म्हणून तर लोणी.

कॅनडाच्या मत्स्य खात्याने एक सोपा हिशेब दिला आणि अमेरिकेतले पाककृतीलेखक जेम्स बिअर्ड यांनी तो घराघरांत पोचवला: माशाची सर्वांत जाड बाजू मोजा आणि कडक तापलेल्या ओव्हनमध्ये दर इंचाला दहा मिनिटं द्या. घरच्या ओटीजीत २०० अंशांवर दोन-चार मिनिटं जास्त लागतात. जाडी मोजायची असल्यामुळे जिताड्याची इंचभर तुकडी इथे शोभते. २०२३ साली राज्यमासा झालेलं पापलेट चपटं, त्याच्यावर पूर्ण वेळ लक्ष ठेवावं लागतं. बोंबलाच्या वाट्याला तर जाऊच नये. त्याच्या अंगात पाणीच एवढं, की ट्रेमध्ये पिठलं होतं.

खरी गडबड भाज्यांपाशी होते. बटाटा आणि गाजर यांना अर्धा तास हवा, माशाला बारा-पंधरा मिनिटं. दोन्ही एकदम आत ढकलले की बटाटा करकरीत आणि जिताडा वातड! म्हणून बटाट्याच्या चकत्या, गाजर आणि कांदा तेलात घोळवून आधी वीस मिनिटं एकटे भाजावेत. कडा तांबूस झाल्या की फरसबी टाकावी आणि भाज्यांच्या गादीवर तुकड्या ठेवाव्यात. तुकड्या त्याआधी फडक्याने टिपून घ्याव्यात, ओला मासा भाजला न जाता उकडतो.

लोण्यात ठेचलेला लसूण, बेडगीची पूड, भरड मिरी, कोथिंबीर आणि लिंबाची किसलेली साल. विकतच्या बटरमध्ये मीठ असतं, तेव्हा माशाला हात राखूनच मीठ लावावं. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, बाकीचं बहुतेक पाणी आणि थोडा दुधाचा अंश. हा दुधाचा अंश आणि लसूण आधी करपतात. म्हणून सुरुवातीला तुकडीवर तेलाचं नुसतं बोट फिरवावं आणि लोणी शेवटच्या चार मिनिटांत घालावं. ते वितळून खाली बटाट्यात मुरतं, आणि जेवायला बसल्यावर तुकडीआधी तो बटाटाच संपतो. सुरीच्या टोकाने जाड भाग किंचित उचकटून बघावा. मांस पाकळ्यांनी सुटलं आणि आत काचेसारखं दिसेनासं झालं, की ट्रे बाहेर.

जूनमध्ये यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते आणि बाजार ओस पडतो, पण तळ्यातला जिताडा तेव्हाही मिळू शकतो. घेताना कल्ले उघडून बघा. लालभडक असले तरच पिशवी पुढे करा.