हेगे रीसे : मधल्या फळीची सूत्रधार

महिलांच्या फुटबॉललाही विश्वचषक हवा, ही मागणी १९८६ साली मेक्सिकोत भरलेल्या फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, परिषदेत नॉर्वेच्याच एलेन विल्ले या महिला प्रतिनिधीने मांडली. पाच वर्षांनी चीनमध्ये पहिली स्पर्धा झाली आणि तिच्या अंतिम सामन्यात नॉर्वेला अमेरिकेकडून २-१ अशी हार पत्करावी लागली. त्या पराभूत संघात हेगे रीसे होती.

ऑस्लोजवळच्या लोरेन्स्कोग येथे १९६९ साली जन्मलेली रीसे मधल्या फळीत खेळे, म्हणजे बचावफळीकडून आलेला चेंडू नेमक्या क्षणी आघाडीला पुरवण्याचे काम तिचे असे. गोलफलकावर या कामाची नोंद होत नसल्याने अशा खेळाडूचे मोल प्रेक्षकांना बहुधा उशिराच कळते. रीसेचे मात्र १९९५ साली स्वीडनमध्ये साऱ्यांना कळले. त्या विश्वचषकात नॉर्वेने सहा सामन्यांत २३ गोल केले आणि केवळ एक स्वीकारला. स्टॉकहोमला लागून असलेल्या सोल्ना येथील अंतिम सामन्यात, ३७ व्या मिनिटाला, चेंडू पायाशी खेळवत तिने जर्मन बचावपटूंना चुकवले व गोलरक्षक मानुएला गोलरला चकवून गोल केला. जर्मनी सावरण्यापूर्वीच, तीन मिनिटांत, मारिआन्ने पेटर्सनने दुसरा गोल केला. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा ‘सुवर्ण चेंडू’ अर्थातच रीसेकडे गेला.

युरोपीय अजिंक्यपद तिच्या संघाने १९९३ मध्येच मिळवले होते. राहिलेले ऑलिंपिक सुवर्ण २००० साली सिडनीत आले. तेथे, जादा वेळेत आधी गोल करणारा संघ तत्काळ विजयी ठरे त्या ‘सुवर्ण गोल’ नियमानुसार, डाग्नी मेल्ग्रेनच्या गोलने अमेरिका ३-२ अशी हरली. (चेंडू मेल्ग्रेनच्या हाताला लागला होता, ही तक्रार त्यानंतरही मिटली नाही.)

फुटबॉल हीच उपजीविका करायची तर त्या काळी नॉर्वेबाहेर जाणे भाग होते, म्हणून विश्वविजेती रीसे जपानमध्ये एका रोखे कंपनीच्या संघाकडून आणि पुढे अमेरिकेत कॅरोलिना करेजकडून खेळली. राष्ट्रीय संघासाठी १८८ सामने व ५८ गोल अशी नोंद मागे ठेवून ती प्रशिक्षणाकडे वळली, २०२१ मध्ये इंग्लंडची हंगामी प्रशिक्षक झाली आणि २०२२ मध्ये नॉर्वेचा संघ तिच्या हाती आला. २०२३ च्या विश्वचषकात त्या संघाला बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात ३-१ असे हरवले ते जपानने.