तांब्याची त्वचा आणि दौंडचा संदेश

शिरूर व दौंड या तालुक्यांच्या सीमेवरून भीमा वाहते. तिचा ओघ मध्यभागीं वेगवान आणि कांठाशीं संथ असतो. तारेंतील वीज समजावून सांगतांना नेहमीं पाण्याचाच दाखला देतात. परंतु बिनतारी संदेशांच्या द्रुत आंदोलनांपुढें हा दाखला उलटा होतो. तेथें तारेचा गाभा जवळजवळ कोरडा राहतो आणि प्रवाह धातूच्या पृष्ठभागानेंच वाहूं लागतो. यासच ‘त्वचा-परिणाम’ म्हणतात.

दौंडास या परिणामाची दखल पूर्वींच घ्यावी लागली. २३ जुलै १९२७ रोजीं हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्या दरम्यान ‘बीम’ पद्धतीची बिनतारी तारसेवा सुरू झाली. संदेश पाठविण्याचें केंद्र पुण्याजवळ खडकीस होतें आणि ग्रहण करण्याचें दौंडास. या सेवेच्या लघुलहरींपैकीं एक सुमारें १६ मीटर लांबीची होती; म्हणजे सेकंदास जवळजवळ १ कोटी ८५ लाख आंदोलनें.

प्रवाह बदलला कीं त्याच्या भोंवतालचें चुंबकक्षेत्र बदलतें, आणि तें धातूंत विरोधी दाब उत्पन्न करितें. गाभ्यास सर्वच चुंबकरेषांचा वेढा असल्यामुळें तेथें विरोध सर्वांत अधिक. म्हणून प्रवाह बाहेर लोटला जातो. ज्या खोलीवर तो पृष्ठभागावरच्या सुमारें ३७ टक्के उरतो, तिला त्वचेची जाडी म्हणतात. आंदोलनें चौपट झालीं कीं ती निम्मी होते. आज दौंडवरून धावणाऱ्या विजेच्या गाड्यांना २५,००० व्होल्टचा, सेकंदास ५० आंदोलनांचा प्रवाह मिळतो. त्यास तांब्याची त्वचा सुमारें ९ मिलिमीटर जाड; गाडीच्या माथ्यावरील तारेची त्रिज्या सुमारें ६ मिलिमीटर. तेव्हां ती तार गाभ्यापर्यंत उपयोगी पडते. परंतु १६ मीटरच्या लहरीस हीच त्वचा मिलिमीटरच्या सुमारें पासष्टाव्या भागाइतकी पातळ असते. तेथें तार भरीव असण्यानें कांहींच साधत नाहीं.

इंग्लंडाहून येणारा संदेश दौंडास पोंचेपर्यंत अत्यंत क्षीण होई. एरियलपासून यंत्रापर्यंतच्या वाटेंत त्याची गळती झाली, किंवा बाहेरचा विद्युत्-गोंगाट त्यांत मिसळला, तर सारे श्रम व्यर्थ. मार्कोनींचे अभियंते फ्रँकलिन यांनीं या पद्धतीसाठीं एकांत एक बसविलेल्या तांब्याच्या नळ्या योजिल्या. संदेश आंतल्या नळीच्या बाह्यांगानें व बाहेरच्या नळीच्या आंतल्या अंगानें वाहतो. गोंगाट मात्र बाहेरच्या नळीच्या बाह्य त्वचेवरच अडून राहतो. एकाच पत्र्याच्या दोन अंगांवरचे हे प्रवाह एकमेकांस स्पर्शहि करीत नाहींत. जी त्वचा प्रवाहाची वाट अरुंद करिते, तीच त्याचें रक्षण करिते.

दूरचित्रवाणीच्या संचास येणारी केबल याच तत्त्वावर चालते. ती सोलून पाहिल्यास मधली तार पुष्कळदां पोलादाची, वर तांब्याचा मुलामा दिलेली, आढळते. त्यांत फसवणूक नाहीं. पोलाद तारेला बळ देतें. संदेश वाहतो तो मुलामा.