निधान



मांडवात शिरायच्या आधी मी आपल्या शाळेच्या मैदानावर जाऊन आले. खो-खोचे दोन्ही खुंट होते त्याच जागी आहेत. अजिंक्यतारा किल्ल्याची सावली दुपार कलल्यावर पश्चिमेचा कोपरा कशी झाकते, तेही तसंच आहे. आम्ही संघातल्या मुली त्या सावलीत बसून गुडघ्यांवरची माती पुसायचो आणि घंटा झाली की तशाच धुळीच्या पायांनी वर्गात जायचो. गणिताच्या बाई रागवायच्या नाहीत. "पाय धुऊन या, मी थांबते," म्हणायच्या. आज इतक्या वर्षांनी मला त्यांच्या प्रमेयांपेक्षा ते थांबणं जास्त आठवतं.

निमंत्रणाच्या पत्रात मला विषय दिला आहे, ‘अन्नविज्ञानातील संधी’. मी म्हैसूरला राहते. तिथली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था 1950 सालची. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, त्यामुळे ते तान्ह्या बाळांना पचायला जड. त्या दुधापासून बाळांना सोसेल अशी भुकटी करण्याचं तंत्र तिथल्या शास्त्रज्ञांनी बसवलं आणि पुढे ‘अमूल’नं ते वापरलं. बारावीला विज्ञान घ्या, या शास्त्रात काम भरपूर आहे. बाकीचं तुमचे सर माझ्याहून नीट सांगतील. मला दुसरं बोलायचं आहे.

नववीपर्यंत मी रोज पळत होते. दहावीचं वर्ष लागलं आणि घरात ठरलं, आता खेळ बंद, अभ्यास. कुणाचं वाईट चिंतून ठरलं नव्हतं. सगळ्याच घरांत तसं ठरायचं. त्यानंतर मी पुन्हा पळाले ती 44व्या वर्षी. मधली 29 वर्षं मी बस गाठायलाही पळाले नाही.

म्हैसूरला विद्यापीठाच्या आवारात कुक्करहळ्ळीचा तलाव आहे. मुम्मडी कृष्णराज वडेयरांच्या काळात, 1864 साली बांधलेला. कन्नडचे थोर कवी कुवेंपू तिथं फिरायला जात. बांधावर दाट झाडी, पाण्यात पेलिकन आणि चित्रबलाक. त्या बांधावर मी पहिल्या दिवशी नववीतल्या वेगानं सुटले. महिनाभर तशीच पळाले. मग नडगी इतकी दुखायला लागली की सहा आठवडे जिना चढता येईना. चूक सरळ होती. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात. हाडं आणि स्नायुबंध बळकट व्हायला महिने लागतात. दमायला होत नाही म्हणून आपण वेग वाढवतो आणि दुखणं पायात साठत जातं.

पुन्हा सुरू केलं तेव्हा बांधावर रोज चालणाऱ्या एक आजी मला बघून हात खालीवर करत म्हणाल्या, "निधान, निधान." कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. आपल्या मराठीत निधान म्हणजे ठेवा. मला एका शब्दात दोन्ही मिळालं. तेव्हापासून माझं माप एकच: पळता पळता सोबतच्या शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटलं की वेग उतरवायचा, वाटलं तर चालायचं. आठवड्यातून चार दिवस, अर्धा-पाऊण तास. त्यातला एक दिवस चामुंडी टेकडीच्या हजारभर पायऱ्या. सतराव्या शतकातला काळ्या पाषाणाचा प्रचंड नंदी वाटेत आहे. त्याच्यापाशी मी दरवेळी थांबते. वेळ मोजत नाही. मनगटावरचं घड्याळ घरी ठेवायला लागले तेव्हाच मला पळणं आवडायला लागलं. आणि खंड पडत नाही याचं कारण माझा निश्चय नाही. पावणेसहाला फाटकापाशी शेजारीण उभी असते, तिला ताटकळत कसं ठेवायचं? पावसातसुद्धा ती असते.

मुलींनो, विशेषतः तुम्ही ऐका. मैदान सोडू नका. दहावीलाही नाही, बारावीलाही नाही, लग्न ठरलं तरी नाही. संघात निवड झाली नाही तरी पळा. आपल्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत अंतिम फेरीत दहाव्या आल्या. त्यांचा अभिमान बाळगाच. पण शर्यत न जिंकणाऱ्या मुलीचाही या मातीवर तेवढाच हक्क आहे. अर्धा तास पळल्यानं कुणाचे टक्के कमी झाले नाहीत. माझे वाढलेही नसते, पण ती 29 वर्षं माझी असती.

पुढच्या रांगांतल्या आयांनो, तुमच्याशीही बोलते. पाळी जाण्याच्या सुमारास बाईच्या हाडांची झीज वेगानं होते. शरीराचं वजन पायांवर पेलणारा व्यायाम, भरभर चालणं, पायऱ्या, हलकं पळणं, हाडांना आधार देतो. गुडघा किंवा छाती दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. साडी असू दे, पंजाबी ड्रेस असू दे, पायात मात्र चांगले बूट हवेत. मुलाच्या बुटांसोबत आपलेही घ्या. आणि मुलगी मैदानातून उशिरा आली तर भाजी निवडायला तिची वाट बघू नका, तिच्या भावाला बसवा.

तिसऱ्या रांगेत माझ्या संघातल्या दोघी दिसतायत. एक खो-खोच्या रांगेत माझ्या शेजारी बसायची, तिचा खो पाठीवर अजून जाणवतो. गं, तू मघाशी म्हणालीस की आता गुडघे उरले नाहीत. आपण चालू. सावकाश चालू.

मुख्याध्यापक सर, एक विनंती आहे. दहावीच्या जादा तासांच्या वेळापत्रकात खेळाचा तास खोडू नका. संध्याकाळी मैदानाचं फाटक सहानंतरही तासभर उघडं ठेवा, आणि ते गावातल्या बायांनाही उघडं असू द्या.

बक्षिसं वाटायची आहेत, मुलं थंडीत बसली आहेत. मी परवा म्हैसूरला निघते. उद्या सकाळी सहाला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, रस्ता चढायला लागतो तिथं, मी उभी असेन. साडेसहापर्यंत थांबते.