एरंडेल आणि इंजिन

बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. परंतु १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात हेच तेल विमानांच्या इंजिनांतूनही वाहत होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ‘नोम’ व ‘ल रोन’ या फ्रेंच इंजिनांची नळकांडी पंख्याबरोबर स्वतःच फिरत, आणि पेट्रोलची वाफ वंगण असलेल्या पेटीतूनच वर जाई. खनिज तेल पेट्रोलात विरघळून धुऊन जाते. एरंडेल जवळजवळ विरघळत नाही. म्हणून ते पसंत पडले. न जळलेले तेल बाहेर उडून वैमानिकाच्या नाकातोंडात जाई; त्याचा परिणाम काय होई, हे लहानपणी एरंडेल घेतलेल्यांस सांगावयास नको! ‘कॅस्ट्रॉल’ हे नावदेखील या ‘कॅस्टर’ तेलावरूनच आले आहे.

एरंडेलातील सुमारे ८५ ते ९० टक्के मेदाम्ल रिसिनोलेइक या एकाच जातीचे असते. त्यातील हायड्रॉक्सिल गटामुळे रेणू एकमेकांस व धातूस धरून राहतात. तेलाचा दाटपणा आणि चिकाटी येते ती येथून.

मग मोटारीत ते सरसकट का भरू नये? विमानातील तेल एकदा वाहिले की बाहेर पडे. मोटारीतील तेल मात्र दीर्घकाळ तेच तापत राहते. जवसाचे तेल लाकडावर चोपडले की काही दिवसांत त्याची कडक साय धरते. रंगाऱ्याला हवा असलेला हा गुण इंजिनात शत्रू ठरतो. रेणूंतील दुहेरी बंधांपाशी प्राणवायू शिरतो, एका रेणूचा बिघाड दुसऱ्यास लागतो, आणि शेवटी राळेसारखा थर साचतो.

हा संसर्ग तोडणारी प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये तेलात घालता येतात. परंतु ती स्वतः खर्च होत जातात. झीज रोखण्यासाठी जस्त व फॉस्फरस यांची संयुगे घालतात. येथे एक गंमत आहे. वनस्पतितेल स्वतःच धातूला इतके बिलगते की या संयुगांना पृष्ठभागावर जागा मिळणे कठीण होते. खनिज तेलासाठी ठरविलेले मिश्रण जसेच्या तसे येथे चालत नाही, ते यामुळेच. शिवाय एरंडेल खनिज तेलात नीट मिसळत नाही. तेव्हा जुन्या तेलावर ते ओतणे हा निव्वळ अविचार होय.

जेथे तेल एकदाच वापरून जावयाचे, तेथे मात्र वनस्पतितेलाची बाजू भक्कम आहे. झाडे तोडणाऱ्या साखळी-करवतीच्या साखळीवरचे तेल सरळ जमिनीवर सांडते आणि तेथे ते लवकर कुजून जाते. मिथेनॉलवर चालणाऱ्या नमुना-विमानांच्या चिमुकल्या इंजिनांत तर इंधनातच एरंडेल मिसळतात. पेट्रोलशी फटकून राहणारे हे तेल अल्कोहोलात मात्र सहज विरघळते.