क्रेऑनला तिघांनी सांगितलं होतं



घरात काही विपरीत घडलं, की चार दिवसांनी कुणीतरी म्हणतंच, "नशिबात होतं, दुसरं काय!" तेवढ्यानं मनाला जरा आधारही मिळतो. आज मी तुम्हाला एका फार जुन्या नाटकाची गोष्ट सांगणार आहे. तिच्या शेवटीही आपल्या तोंडून हेच शब्द येतील. पण गोष्ट नीट ऐकली, तर नशिबाआधी बरंच काही होऊन गेलेलं दिसतं.

हे नाटक ग्रीस देशातलं. नाव 'अँटिगनी', आणि ते लिहिलं सोफोक्लीस या नाटककारानं, इ.स.पू. ४४१ च्या सुमारास. म्हणजे जवळजवळ अडीच हजार वर्षं झाली. सोफोक्लीसनं शंभराहून जास्त नाटकं लिहिली, त्यातली आज पूर्ण हाती आहेत ती फक्त ७. अथेन्स शहरात दर वसंतात डायोनिससदेवाचा उत्सव असे. अ‍ॅक्रोपोलिसच्या टेकडीच्या उतारावर हजारो माणसं बसत आणि उघड्यावर, दिवसाउजेडी नाटकं होत. बोलणारे नट तीनच, तेच मुखवटे बदलून सगळ्या भूमिका करत. बायकांच्या भूमिकाही पुरुषच करत. सोबत १५ जणांचा गायकवृंद असे. तो गाई, नाचे, आणि मधूनमधून गावातल्या जाणत्या माणसांसारखा चार शब्द सुनावी.

आता गोष्ट. थीब्ज नावाच्या नगरात ईडिपस राजा होऊन गेला. बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील, अशी देववाणी त्याच्याबद्दल झालेली होती. ते टाळायला सगळे धडपडले आणि त्या धडपडीतच ते खरं झालं. पु. ल. देशपांड्यांनी ईडिपसवरच्या नाटकाला 'राजा ओयदिपौस' या नावानं मराठीत आणलं, त्यामुळे तुमच्यापैकी काहींना ही कथा माहीत असेल. या ईडिपसला दोन मुलगे आणि दोन मुली. गादीवरून मुलगे भांडले. धाकट्या मुलीचं नाव इस्मिनी, आणि दुसरी आपली अँटिगनी. एक भाऊ नगर राखत होता, दुसरा बाहेरचं सैन्य घेऊन चालून आला, आणि वेशीवर दोघंही एकमेकांच्या हातून मेले.

गादीवर आला क्रेऑन. हा मुलींचा सख्खा मामा. त्यानं आल्या आल्या हुकूम काढला. नगर राखणाऱ्या भाच्यावर मानानं अंत्यसंस्कार करा. चालून आलेल्या पॉलिनायसीसला मात्र उघड्यावर टाका, कुत्र्यागिधाडांनी खाऊ दे. जो त्याला मूठमाती देईल, त्याला मरणाची शिक्षा.

त्या काळी ग्रीसमध्ये मेलेल्या माणसाला न्हाऊ घालणं, सजवणं, त्याच्यासाठी रडणं हे घरच्या बायकांचं काम होतं. म्हणजे मामानं भाचीच्या हातातलं कामच गुन्हा ठरवलं. अँटिगनीनं ते तरीही केलं. भावाच्या देहावर माती टाकली. पहारेकऱ्यांनी ती झटकली, तेव्हा ती परत आली आणि पकडली गेली.

इथून पुढे क्रेऑनला तिघांनी सांगितलं, ते लक्षात ठेवा.

पहिलं सांगणं अँटिगनीचं. ती म्हणाली, तुझा हुकूम कालचा आहे, मेलेल्याला माती द्यायचा धर्म कधीपासूनचा आहे ते कुणालाच ठाऊक नाही. क्रेऑनला यातला मुद्दा ऐकूच आला नाही. बाईमाणूस आपल्यापुढे जिंकतंय, एवढंच त्याला दिसलं.

दुसरं सांगणं त्याच्या मुलाचं. हीमॉनचं. अँटिगनीचं लग्न त्याच्याशीच ठरलेलं होतं. तो आला तो अदबीनं. म्हणाला, बाबा, लोक तुमच्या तोंडावर बोलत नाहीत, पण अंधारात कुजबुजतात, त्या मुलीसाठी हळहळतात. पुराच्या काठी जे झाड वाकतं ते वाचतं, जे ताठ राहतं ते मुळासकट जातं. तुकोबांच्या अभंगातलं लव्हाळं आपल्याला माहीतच आहे, तीच शहाणीव त्या पोराच्या तोंडी. बापाचं उत्तर काय? या वयात मी तुझ्याकडून शिकू? आणि बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणतात तसं त्यानं मुलाला हिणवलं.

तिसरं सांगणं टायरेसियस या आंधळ्या द्रष्ट्याचं. एक लहान मुलगा त्याचा हात धरून त्याला घेऊन आला. त्यानं सांगितलं, त्या प्रेताचे लचके पक्ष्यांनी वेदीपर्यंत आणलेत, देव आपला नैवेद्य घेत नाहीत. चूक सगळ्यांकडूनच होते, ती दुरुस्त करील तो शहाणा. क्रेऑन म्हणाला, तू कुणाकडून तरी पैसे खाल्लेस.

तोवर अँटिगनीला थोडंसं अन्न देऊन डोंगरातल्या गुहेत जिवंत कोंडलेलं होतं. द्रष्टा निघून गेल्यावर क्रेऑन मनातून घाबरला. गायकवृंदातल्या जाणत्यांनी सांगितलं, आधी मुलीला सोडव, मग प्रेताला माती दे. तो निघाला, पण त्यानं केलं उलटं. आधी प्रेत धुतलं, जाळलं, वर मातीचा उंचवटा केला आणि मग गुहेकडे गेला. तिथं अँटिगनीनं आपल्याच ओढणीनं गळफास घेतलेला होता. हीमॉन तिच्या कमरेला मिठी मारून. तो बापावर तलवार घेऊन धावला, वार चुकला, तीच त्यानं स्वतःत खुपसून घेतली. ही बातमी ऐकून त्याची आई युरिडिसी एक शब्द न बोलता आत गेली. तिनंही जीव दिला, जाताना नवऱ्याला शाप देऊन.

आता सांगा, हे नशीब का? गायकवृंद नाटकात या घराण्याला लागलेल्या जुन्या शापाचं गाणं गातो, हे खरं. भाऊ मेले, गादी आली, हे क्रेऑननं मागितलेलं नव्हतं. पण हुकूम त्याचा होता. तो मागं घ्यायला त्याला तीनदा वाट मिळाली. नशिबानं त्याला अवघड जागी उभं केलं, पुढची पावलं त्यानं स्वतः टाकली.

ॲरिस्टॉटल या तत्त्वज्ञानं पुढे शोकांतिकेचा विचार केला. त्याच्या मते शोकांतिकेचा नायक अगदी देवमाणूस नसतो आणि दुष्टही नसतो. तो आपल्यासारखाच असतो, आणि त्याच्या हातून 'हमार्तिया' होते. या शब्दाचा मूळ अर्थ नेम चुकणं. क्रेऑनला नगरात शिस्त हवी होती, हेतू वाईट नव्हता. नेम चुकला, आणि तो चुकलाय हे सांगणाऱ्या प्रत्येकाचा त्याला राग आला. दुसरा शब्द 'हुब्रिस'. आपण त्याला गर्व म्हणतो, पण अथेन्समध्ये त्याचा अर्थ आपल्या ताकदीच्या जोरावर दुसऱ्याची विटंबना करणं असा होता, आणि त्याविरुद्ध कायदाही होता.

कुणी म्हणेल, हट्टी तर अँटिगनीही होती. होतीच. बरोबर मरायला आलेल्या बहिणीलाही तिनं तोडून टाकलं. गायकवृंदही म्हणतो, ही बापावर गेली आहे, वाकत नाही. पण दोघांच्या हट्टात एक फरक आहे. अँटिगनीनं आपल्या हट्टाची किंमत स्वतःच्या जिवानं द्यायची ठरवली. क्रेऑनच्या हट्टाची किंमत इतरांनी दिली. भाची गेली, मुलगा गेला, बायको गेली. शेवटी क्रेऑन जिवंत राहिला, पण एकटा. तीच त्याची शिक्षा.

मला या नाटकात सगळ्यात लागतो तो क्रम. माणूस बदलला होता, चूक कळली होती, पण आधी कुणाकडे जायचं हे चुकलं. मेलेल्याचं काही तासांनी केलं असतं तरी चाललं असतं. कोंडलेली मुलगी थांबू शकत नव्हती.

म्हणून मैत्रिणींनो, यापुढे कुणी "नशिबात होतं" म्हणालं, तर त्यांच्या दुःखाचा मान राखून मनातल्या मनात दोन प्रश्न विचारा. आधी कुणी सांगितलं होतं का? आणि सांगणारी घरातली मुलगी होती, सून होती, धाकटं पोर होतं, म्हणून ते ऐकायचं राहून गेलं का? आणि ज्या घरात हुकूम आपला चालतो, तिथं हेच प्रश्न आपण स्वतःलाही विचारू या. तेही वेळेत, कारण गुहेचं दार उघडायला उशीर झाला की मग नुसतं कळून उपयोग नसतो.