खात्याचे गुपित व शिक्षकाचे दायित्व
(केंद्रसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या खानदेशातील खेड्यात एके काळी मनिऑर्डर आली की घेणारा पुष्कळदा शाळेकडे वळे. परगावी कामास गेलेल्या मुलाने किती रुपये पाठविले व खाली दोन ओळींत काय लिहिले, हे गुरुजी वाचून दाखवीत आणि वाचलेले तेथेच विसरत. कोणाच्या घरी किती पैसा आला ही गोष्ट त्यांच्या तोंडून चावडीवर जात नसे. म्हणूनच गाव त्यांच्याकडे निःशंकपणे कागद घेऊन येई. त्या जुन्या विश्वासाची आज नव्या रूपाने कसोटी लागली आहे.

शिष्यवृत्तीची रक्कम आता विद्यार्थ्याच्या वा पालकाच्या बँक खात्यात जमा होते. त्याकरिता पासबुकाची प्रत, आधारची प्रत व पालकांचा मोबाइल क्रमांक आपण गोळा करतो. काम लवकर व्हावे या सद्हेतूने कधी त्या साऱ्यांची यादी करून ती पालकांच्या मोबाइल गटावर टाकली जाते. यात अनुचित ते काय, असे आपणास वाटेल. पण पुढचा प्रसंग डोळ्यांपुढे आणा.

कापूस विकून आलेला पैसा खात्यात आहे. चोपडा किंवा साक्री तालुक्यातील एखाद्या मातेस फोन येतो. बोलणारा तिच्या मुलाचे नाव, इयत्ता, शाळा व खात्याचे शेवटचे चार अंक बिनचूक सांगतो आणि म्हणतो, “ताई, शिष्यवृत्ती अडकली आहे, आता आलेला सहा अंकी क्रमांक तेवढा सांगा.” इतके खरे सांगणारा मनुष्य खोटा कसा असेल, असे त्या बिचारीस वाटते. तिची फसवणूक त्या सहा अंकांनी पुरी होते हे खरे. परंतु तिचा विश्वास संपादन करण्याचे साधन आपल्या यादीनेच पुरविलेले असू शकते.

गुप्तता ही केवळ शिष्टाचाराची बाब नव्हे. राष्ट्रीयीकृत बँकांविषयीच्या १९७० च्या कायद्याच्या १३ व्या कलमाने ग्राहकाच्या व्यवहारांसंबंधी गुप्तता पाळण्याचे बंधन बँकांवर घातले आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे असा एकमताने निर्णय दिला. जे बंधन बँकेने पाळावयाचे, ते त्याच खात्याचे कागद हाताळणाऱ्या शाळेने झुगारावे काय? म्हणून अशा प्रती कुलुपात ठेवाव्यात, यादी गटावर टाकू नये व ज्याची चूक दुरुस्त करावयाची त्यालाच ती एकांतात सांगावी.

आता पालकांस समजावून सांगण्याच्या चार गोष्टी. पहिली, पैसा घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन लागतो तो देण्यासाठीच. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय सेवेत हा नियम पक्का आहे. “पैसे पाठवितो, हा चौकोन स्कॅन करून पिन टाका,” असे म्हणणारा पैसे पाठवीत नसून नेत असतो. दुसरी, पैसा नावाच्या नव्हे, तर क्रमांकाच्या पत्त्यावर जातो. एक अंक चुकला तर तो परक्याच्या खात्यात पडतो. एनईएफटी व आरटीजीएस या मार्गांनी पैसे पाठविण्यापूर्वी घेणाऱ्याचे नाव दाखविण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करावी, असे रिझर्व्ह बँकेने बँकांस सांगितले होते. नाव वाचल्याखेरीज पुढे जाऊ नये. तिसरी, अंगठा हीदेखील सही आहे. आधारच्या यंत्रावर अंगठा लावल्याने खात्यातून पैसे निघू शकतात. म्हणून प्रत्येक वेळी पावती मागावी, आणि गरज नसेल तेव्हा आधारच्या सेवेतून बोटांचे ठसे कुलूपबंद करून ठेवावेत. चौथी, कमिशनच्या लोभाने आपले खाते कोणास वापरावयास देऊ नये. त्यातून चोरीचा पैसा फिरला तर खाते गोठविले जाते व चौकशी खातेदाराची होते.

ऑगस्ट २०१८ मध्ये चोरट्यांनी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले. तेथे तोटा बँकेने सोसला. ग्राहकांच्या खात्यांस धक्का लागला नाही. परंतु आपले गुपित आपणच दिले तर गोष्ट वेगळी होते. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने हाच भेद केला: ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसा गेला तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. यावरून विलंबाची किंमत ध्यानात येईल. पैसा गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करावा, बँकेस कळवावे आणि व्यवहाराचा क्रमांक व वेळ लिहून ठेवावी.

पण येथेच लज्जा आड येते. फसलेला मनुष्य घरीदेखील बोलत नाही, आणि तेवढ्यात पैसा दुसऱ्या खात्यातून तिसऱ्यात जातो. “एवढेही कळले नाही का?” हा आपला एक शब्द त्याचे तोंड कायमचे बंद करील. तो आला तर प्रथम फोन लावून द्यावा. उपदेश मागाहून करावा.

अखेरची सूचना वर्गासाठी आहे. आजीच्या मोबाइलवर आलेला बँकेचा संदेश पुष्कळ घरी आपला विद्यार्थीच वाचतो. क्रेडिट म्हणजे जमा व डेबिट म्हणजे नावे, हे दोन शब्द आणि जमेचा संदेश आला तरी शिल्लक खात्यातच पाहावी ही सवय, एवढे गणिताच्या एका तासात शिकविता येईल. ज्याच्या घरात अहिराणी बोलली जाते त्याला ते अहिराणीत सांगावे. मनिऑर्डर वाचून गप्प राहणारे गुरुजी गावाने पाहिले आहेत. खात्याचे गुपित जपणारे गुरुजी व बाई त्याला आपल्या रूपाने दिसोत, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.